फेलिसाचा खर्ज

मित्रांनो, घमेल्याएवढे तोंड आणि वेटोळे घातलेले अंग पाहून दचकू नका. मी उंच डोंगरांतल्या ओरुरो गावचा एक जुना ट्युबा आहे. बँडच्या शेवटच्या रांगेत सर्वांत जाड आवाजाचे जे पितळी धूड असते ना, तेच मी. माणसाने मला अंगात घालायचे, खांद्यावर पेलायचे आणि पोटातून वारा काढून फुंकायचे. मग मी खर्ज लावतो. पुढच्या रांगेतले कर्णे मिरवतात, टाळ्याही त्यांनाच मिळतात. पण माझा खर्ज तुटला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ही फुशारकी नाही. बरे, थोडी आहे.

मला सातुर्निनो नावाच्या तांबटाने घडवले. त्याने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझे तोंड रुंद केले. नळ्यांमध्ये वितळलेले डांबर ओतून त्या वाकवल्या, म्हणजे पितळेला सुरकुती पडत नाही. शेवटी तीन खटके बसवले आणि स्वतः पहिली फुंकर मारली. मी म्हशीसारखा हंबरलो. सातुर्निनो इतका खूश झाला की त्याने दुकान बंद करून शेजाऱ्यांना प्यायला नेले.

मला विकत घेतले मेल्चोर आयाविरी याने. गालात कोकाच्या पानांचा तोबरा, डोक्यावर टोपी आणि छाती भात्यासारखी. कितीतरी कार्निवल आम्ही दोघांनी मिळून गाजवले. पण पुढे मेल्चोरचे समोरचे दात पडले. फुंकणाऱ्याचे समोरचे दात गेले की त्याला ओठ टेकवायला आधारच उरत नाही. त्याने मला कोठीत, वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यांमागे ठेवले आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. माझ्या अंगावर हिरवा कळंक चढला. एका कोंबडीने माझ्या तोंडात संसार थाटला आणि पिलेही काढली. मित्रांनो, ज्याच्या आवाजाने चौक दणाणायचा, त्याच्या घशात पिसे भरली होती!

मला बाहेर काढले ते मेल्चोरच्या मुलीने, फेलिसाने. शाळा नुकतीच संपली होती तिची. तिने कोंबडीला हुसकावले, लिंबू आणि राखेने मला घासले आणि अंगात घालून गल्लीत उभी राहिली. समोरून वालेरियो येत होता. पुरुषांच्या मोठ्या बँडमध्ये तोही ट्युबा वाजवायचा आणि ही गोष्ट गावात कोणी विसरू नये याची काळजी घ्यायचा.

"पोरी," तो हसत म्हणाला, "तू त्याला उचललंयस, की त्याने तुला गिळलंय?"

"जरा बाजूला सरा, काका," फेलिसा म्हणाली. "फुंकल्यावर बोलू."

आणि तिने फुंकले. वालेरियोची टोपी उडाली असे मेल्चोर आजही सांगतो. टोपी वाऱ्याने उडाली होती, पण मी कधी त्याचे म्हणणे खोडले नाही.

पुढे नेलिदाबाईंनी बायकांचा बँड काढला. नाव ठेवले 'लास चिस्पास', म्हणजे ठिणग्या. त्यात शेवटच्या रांगेत दोन ट्युबा होते: मातिल्देचा आणि फेलिसाचा. फेलिसा पहाटे चौकात गाडा लावून जांभळ्या मक्याची गरम आपी आणि तळलेली पास्तेल विकायची, दुपारी झोपायची आणि संध्याकाळी मला खांद्यावर घ्यायची. तिचे लग्न झाले, पहिली मुलगी झाली, तरी तिचा श्वास तसाच लांब आणि गरम होता. लोक बायकांचा बँड बघायला हसत यायचे आणि नाचत जायचे.

दुसरे मूल झाल्यावर मात्र काहीतरी बिघडले. ते सर्वांत आधी मला कळले. कारण मित्रांनो, वाजवणाऱ्याचा श्वास माझ्या अंगातून जातो, त्याची लबाडी माझ्यापाशी चालत नाही. फेलिसाचा स्वर अर्ध्यावर थरथरू लागला. तिचे ओठ गार लागू लागले. तालीम संपली की ती मला जमिनीवर टेकवायची आणि माझ्यावरच डोके ठेवून पेंगायची. जिना चढताना कठडा धरायची. शेजारणी म्हणू लागल्या की नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी असतो, म्हणून हिला आळस चढलाय. तीही ते ऐकून घ्यायची. तिलाही तसेच वाटू लागले होते.

तेव्हा आमच्या घरात रुफिना आली. म्हणजे ती नेहमीच यायची. फेलिसाच्या धाकट्याची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. पण या वेळी तिच्या हातात सोनेरी डबा होता. ताकद देणाऱ्या भुकट्या घरोघर विकायचा धंदा तिने नुकताच सुरू केला होता.

"कोमाद्रे, आरशात बघ जरा," रुफिना म्हणाली. "तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं झालंय तुझं."

"दोन पोरं, पहाटेचा गाडा, वर बँड. दमणारच की."

"दमायला काय झालं? माझ्याकडे बघ! रोज सकाळी दुधातून एक चमचा घेते. टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या धावत चढते मी!"

मेल्चोर कोपऱ्यात ऊन खात बसला होता. तो म्हणाला, "पोलीस मागे लागले की आम्हीपण धावत चढायचो. भुकटी लागली नाही कधी."

"तुम्ही गप्प बसा हो, दात नसलेले!" रुफिनाने त्याला झटकले आणि डब्याचे झाकण उघडले.

रुफिना लबाड नव्हती. तिचा त्या डब्यावर मनापासून विश्वास होता आणि फेलिसावर मनापासून जीव होता. पहिले दोन दिवस फेलिसा खरोखरच तरतरीत झाली. घर झाडले, मला पुसले, रात्रीपर्यंत बडबडली. पण मला जाणवले की तिची छाती उगाच धडधडते आहे आणि श्वास मात्र होता तेवढाच आहे. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्यावर डोके ठेवून झोपली. मग रुफिनाने हिरवी भुकटी आणली. मग माकाच्या कंदाचे पीठ. मग मधमाश्यांनी गोळा केलेले पराग. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्याही आल्या. फळी भरली, फेलिसा भरली नाही.

नोव्हेंबर उजाडला. कार्निवलच्या आधी सगळी पथके एकदा देवळापर्यंत वाजतगाजत जातात. आम्हीही निघालो. फेलिसाने सकाळी दोन चमचे जास्तच घेतले होते. पहिल्या दोन गल्ल्या तिने असा खर्ज लावला की मातिल्दे वळून बघू लागली. मग बाजाराच्या कोपऱ्यावर तिचा श्वास संपला. हळूहळू नाही, दोर तुटावा तसा. तिचे गुडघे वाकले, मी दगडी रस्त्यावर आपटलो आणि माझ्या पोटाला मोठा पोचा पडला. मला पोच्याचे काही वाटले नाही. फेलिसाचे ओठ पांढरे पडले होते, ते मी पाहत होतो.

मागून वालेरियोचा बँड येत होता. त्याने वाजवणे थांबवून मोठ्याने सांगितले, "मी तेव्हाच म्हटलं होतं. ट्युबा बाईमाणसाला पेलत नाही."

त्या संध्याकाळी नेलिदाबाई घरी आल्या. त्या मोजकेच बोलायच्या.

"फेलिसा, जानेवारी संपेपर्यंत वाट बघेन. तुझा खर्ज परत आला नाही तर ट्युबा दुसरीला देईन. तुला झांजा देते."

"झांजा?" फेलिसाचे डोळे भरले. "बाई, हा ट्युबा माझ्या बाबांचा आहे."

"म्हणूनच वाट बघते आहे. आता रडू नकोस. उद्या तालमीनंतर दवाखान्यात जा. आणि ते डबे सगळे बरोबर घेऊन जा. डॉक्टरला दिसू देत तू काय काय गिळतेस ते."

दुसऱ्या दिवशी आमची वरात दवाखान्यात गेली: फेलिसा, डब्यांची पिशवी घेतलेली रुफिना आणि मी. माझे तोंड दारातून आत जाईना. दोघींनी मला आडवे केले, तिरके केले, आणि शेवटी मी चौकटीचा थोडा रंग घेऊन आत गेलो.

"हे आत कशाला आणलंत?" डॉक्टर उर्सुला यांनी विचारले.

"बाहेर ठेवलं तर भंगारवाला नेईल," फेलिसा म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी फेलिसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि सहज विचारावे तसे विचारले, "माती खावीशी वाटते का तुला?"

रुफिना खो खो हसली. "माती? बाई, आम्ही काय गांडुळं आहोत?"

फेलिसा हसली नाही. तिने मान खाली घातली. "ती बटाट्यांबरोबर लावून खातात ना, पांढरी माती. मी नुसतीच चोखते. लपून. तिचा वास आला की राहवत नाही."

रुफिनाचे हसणे तिथेच विझले.

बोटाला सुई टोचून रक्त काढले. दर महिन्याला रक्त किती जाते, पोरांना वाढल्यावर तुझ्या ताटात मांस उरते का, असे बरेच काही डॉक्टरांनी विचारले. उत्तरे देताना फेलिसा अडखळत होती, कारण हे तिला याआधी कोणी विचारलेच नव्हते. तिच्या अंगातले लोह पार आटले होते. आमच्या गावी हवा विरळ. आहे तेवढी हवा अंगभर पोचवायला रक्त चांगले दाट लागते, आणि तिचे रक्त फिके पडले होते. ती पोटभर श्वास घेत होती, पण तो तिच्या हातापायांपर्यंत पोचत नव्हता.

"म्हणजे मी आळशी नाही?" फेलिसाने विचारले.

"आळशी? एवढ्या रक्तावर तू हे धूड उचलतेस, याचंच मला नवल वाटतंय."

मग डॉक्टरांनी पिशवीतले डबे टेबलावर मांडले आणि एकेकाची बाजू वळवून वाचली. "यात लोह नाही. यात नावापुरतं आहे. या सोनेरी डब्यात कॉफीचं सत्त्व आहे, म्हणून छाती धडधडते. माकाचं पीठ चवीला छान लागतं, दुधातून खुशाल घे. पण तुला जे कमी पडतंय, ते यातल्या कशातच पुरेसं नाही."

रुफिनाचा चेहरा पडला. "म्हणजे मी माझ्या कोमाद्रेला फसवलं?"

"फसवलं नाही. पण काय कमी आहे ते न बघताच भरत राहिलात."

"मग मलाही द्या त्या लोखंडाच्या गोळ्या. मीही दमते. कोणाला सांगत नाही इतकंच."

डॉक्टरांनी तिचेही रक्त तपासले. ते ठणठणीत निघाले. "तुम्हाला गोळी नको. लोह गरज नसताना घेतलं तर बाधतं. झोपता किती?"

"झोप कसली? पहाटे उठून डबे विकायला निघते."

"मग डबे थोडे उशिरा विका," डॉक्टर म्हणाल्या. फेलिसा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. माझ्या नळीतसुद्धा ते हसू घुमले.

फेलिसाला दर महिन्याला रक्त जास्त का जाते हे पाहून डॉक्टरांनी त्याचे औषध दिले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. आता गोष्ट संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण महिना होत आला तरी श्वास तसाच. तोंडाला गंजाची चव आणि पोटात मुरडा, एवढाच फरक. डिसेंबरातल्या एका सकाळी फेलिसाने गोळ्यांची पुडी फळीवर भिरकावली.

"हेही तसंच निघालं, कोमाद्रे. भुकटीही खोटी, गोळीही खोटी. मी झांजा वाजवते. सोपं आहे."

रुफिनाने तिचा हात धरला. दवाखान्यातल्या बोलण्याने ती दुखावली होती, पण फेलिसाला तिने सोडले नव्हते. "झांजा नंतर वाजव. आधी चल. त्या बाईला तोंडावर विचारू."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न केला. "गोळी कशाबरोबर घेतेस?"

"चहाबरोबर. काळा चहा. पहाटे गाड्यावर दुसरं काय असतं?"

"आणि ती माती?"

फेलिसाने ओचा मुठीत घट्ट धरला.

"चहा आणि माती दोन्ही लोहाला पोटातच अडवून ठेवतात. गोळी खाली जाते, पण तुला लागत नाही. चहाच्या आधी, संत्र्याच्या रसाबरोबर घे. पोट दुखलं तर एक दिवसाआड चालेल. पण सोडू नकोस."

त्या दिवसापासून रुफिनाने जो पहारा सुरू केला, त्याला तोड नाही! अंधार असतानाच ती चौकात हजर व्हायची, खिशात संत्री, नजर फेलिसाच्या पेल्यावर.

"खाली ठेव."

"अगं, एकच घोट. थंडीने बोटं गळतायत."

"आधी गोळी, मग संत्रं. चहा ऊन आल्यावर. आणि ओच्यात काय आहे? दाखव. मातीच ना? आण इकडे!"

"तू धर्ममाता आहेस की तुरुंगाची पहारेकरीण?"

"दोन्ही. तोंड उघड."

आपी प्यायला आलेली गिऱ्हाइके हा तमाशा बघत उभी राहायची. मेल्चोरनेही आपल्या परीने हातभार लावला. जेवताना तो आपल्या ताटातला वाळवलेल्या मांसाचा तुकडा फेलिसाच्या ताटात सरकवायचा आणि कुरकुरायचा, "मला दात नाहीत. मी काय, याला नुसतं बघत बसू?" मांस चांगले मऊ शिजवलेले असायचे. ते त्यालाही ठाऊक होते आणि तिलाही.

जानेवारीतली एक सकाळ मी विसरणार नाही. फेलिसा मला पुसायला अंगणात घेऊन आली. सहज म्हणून तिने ओठ टेकवले आणि फुंकले. मित्रांनो, ऊब आली! पोटाच्या तळातून निघालेला, लांब, रुंद, गरम श्वास माझ्या सगळ्या वेटोळ्यांतून धावत गेला. खर्ज लागला, आणि लागूनच राहिला. खिडकीची काच थरथरली. कोंबड्या भिंतीवर उडाल्या. मेल्चोर एकाच पायात बूट घालून धावत बाहेर आला. तिचा श्वास संपेना, आणि तिचे तिलाच नवल वाटून ती वाजवता वाजवता रडू लागली. रडताना ट्युबा वाजत नाही, म्हणून शेवटी मी एक विचित्र भोंगा काढला आणि सगळे हसलो.

नेलिदाबाईंनी तालमीत तिला फक्त एकदा ऐकले. "झांजा दुसरीला देते," एवढेच म्हणाल्या.

आणि मग कार्निवलचा शनिवार आला.

सकाळपासून रस्ते फुलले होते. आमच्यापुढे मुखवटे घातलेले नाचे, त्यांच्या जड झग्यांचा घेर, हातातल्या खुळखुळ्यांचा करकराट. आम्ही निघालो, आणि वाजवतच राहिलो. ऊन झाले, गारांचा एक सडाका येऊन गेला, पुन्हा ऊन पडले. फेलिसाचा श्वास प्रत्येक वळणावर मला भरून टाकत होता. माझ्या पोटाचा पोचा मेल्चोरने ठोकून काढला होता, पण तिच्या श्वासापुढे तो तसाच राहता तरी आपोआप बाहेर आला असता असे मला वाटले.

शेवटचा चढ राहिला. वर देऊळ. तिथेच मातिल्देचा ओठ फुटला. तिच्या ट्युबाच्या फुंकायच्या वाटीवर रक्त आले, तिने हात हलवून खूण केली आणि वाजवणे थांबवले. आता सगळ्या बँडच्या खाली एकटा माझा खर्ज होता. आणि नेमका त्याच वेळी मागून वालेरियोचा बँड भिडला. त्यांनी पूर्ण ताकदीने आपली धून सुरू केली, आमचा ताल बुडवायला. कार्निवलात हे चालतेच. ज्याचा ताल टिकतो, त्याच्यावर नाचे नाचतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर गोंधळले.

नेलिदाबाईंनी मागे वळून पाहिले. फेलिसाने मान डोलावली, पाय रोवले आणि फुंकले.

मी जन्मात कधी इतका मोठा झालो नव्हतो. तो आवाज मी काढत होतो की रस्ता काढत होता, मलाच कळेना. प्रत्येक पावलाला एक ठोसा, भों, भों, भों, चढाच्या दगडांवर. नाचणाऱ्यांचे पाय सापडले. ठिणग्यांचे कर्णे माझ्यावर चढून बसले आणि मोकळे झाले. मागच्या बँडचे दोन ढोल चुकून आमच्याच तालात पडले! बाकांवर बसलेले लोक उभे राहिले. रुफिना गर्दीतून आमच्याबरोबर पळत होती, सालासकट संत्री उंच धरून, आणि ओरडत होती, "ही माझी कोमाद्रे! बघा, ही माझी कोमाद्रे!" वळणावर मेल्चोर उभा होता. त्याने छातीवर हात ठेवला होता. माझा खर्ज त्याच्या हाडांत पोचत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

शेवटच्या पायरीपर्यंत फेलिसा थांबली नाही. देवळाच्या दारात सगळा बँड गुडघ्यांवर आला आणि शांतता पसरली. मागून वालेरियो आला. घामाने निथळत होता, धाप लागली होती. त्याने टोपी काढली.

"पोरी," तो म्हणाला, "काय खातेस तू?"

"संत्री," फेलिसा म्हणाली. "पण तुम्ही आधी रक्त तपासून घ्या, काका. खूप धापा टाकताय."

मित्रांनो, तो खरोखर गेला तपासायला. रुफिनाच त्याला घेऊन गेली. ती अजून डबे विकते, पण गिऱ्हाइकाला आधी विचारते, "दवाखान्यात जाऊन आलीस का? मग बोलू." तिचे गिऱ्हाईक घटले, म्हणते, झोप मात्र वाढली आहे.

मी पितळेचा. मला पोचा पडला तर तो सगळ्यांना दिसतो आणि कोणीतरी तांबटाकडे नेते. माणसाचा पोचा आत असतो. तुमच्या घरात कोणी सारखे दमत असेल, बसल्या जागी पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि घाईने कोणताही डबाही आणू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय कमी पडते आहे ते जाणत्याकडून पाहून घ्या. कोणाला लोह लागेल, कोणाला झोप, कोणाला ताटात पडणारा एखादा जास्तीचा तुकडा. आणि तुमच्या कोठीत पोत्यांमागे एखादे वाद्य पडले असेल, तर त्यालाही जरा घासा. त्याच्या घशातली पिसे काढा.

पण आता मला बोलायला वेळ नाही. त्या शनिवाराला वर्ष झाले, पुन्हा कार्निवलचा रविवार उजाडला आहे. रुफिना दारात उभी राहून हाका मारते आहे. फेलिसाने केस बांधले, मला खांद्यावर घेतले आणि म्हणाली, "चल रे बाबा, आज कालच्यापेक्षा जोरात." ती श्वास भरते आहे, मित्रांनो. कान झाका हवे तर!